कंटेनर गेल्यानंतर गावात काय उरते?

कवठेमहांकाळ तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न असा आहे. तो अर्थशास्त्रात एम. ए. करीत असून त्याच्या वडिलांची चार एकर द्राक्षबाग आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार वाढला की देशाचा विकास होतो, असे त्याने अभ्यासक्रमात वाचले आहे. आपल्या भागातून तीन दशके द्राक्षे परदेशी जात असताना घरावरचे सोसायटीचे कर्ज मात्र का फिटत नाही, हे त्याला उमगत नाही. येत्या हंगामात बाग यूरोपसाठी नोंदवावी की सरळ बेदाणा करावा, असेही त्याने शेवटी विचारले आहे.

मी गेली सत्तावीस वर्षे सांगलीतून द्राक्षे, बेदाणा आणि हळद यांच्या निर्यातीचे कागदपत्र, तपासणी आणि जहाजभाडे यांचे काम पाहतो. मी प्राध्यापक नाही, तरी हा प्रश्न मलाही बरीच वर्षे छळत आला असल्याने जरा सविस्तर लिहितो.

प्रथम पुस्तकातील सिद्धांत घेऊ, कारण तो चुकीचा नाही. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये दिलेले उदाहरण तुम्ही वाचले असेलच. ठरावीक कापड तयार करण्यास इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक मद्य तयार करण्यास १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये त्याच कापडास ९० आणि मद्यास ८० माणसे पुरतात. पोर्तुगाल दोन्ही कामांत सरस असूनही त्याने मद्य करावे, कापड इंग्लंडकडून घ्यावे, आणि त्यात दोघांचाही लाभ आहे, असे हे गणित सांगते. आपल्याकडचे बागायतदार रिकार्डो न वाचता हेच करतात. खरड छाटणीत, म्हणजे उन्हाळ्यातील मोठ्या छाटणीत, मजुरापेक्षा चपळ हात असलेला शेतकरीसुद्धा छाटणी टोळीवर सोपवतो आणि स्वतः फवारणीच्या नियोजनाकडे पाहतो, कारण त्याच्या तासाचे मोल तिथे अधिक आहे.

मात्र हे गणित आजच्या दिवसाचे आहे. इंग्लंडने कापड केले, त्यासाठी यंत्रे बनवली, यंत्रांसाठी लोखंड आणि कोळसा यांची विद्या वाढवली. पोर्तुगालने मद्य केले आणि पुढेही मद्यच करीत राहिला. सौदा दोघांच्याही फायद्याचा होता, पण एकाच्या सौद्यातून पुढचे दहा धंदे निघाले आणि दुसऱ्याच्या सौद्यातून पुढच्या वर्षीचे मद्य निघाले. कोणत्याही मालाच्या निर्यातीकडे पाहताना मी भावाच्या आधी एक गोष्ट पाहतो. कंटेनर बंदरावर गेल्यानंतर त्या गावात काय उरते? नवे कौशल्य, नवे यंत्र, नवी प्रयोगशाळा, हिशेबाची नवी सवय, की केवळ पट्टीवरचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरचा, आकडा? माझ्या मते व्यापाराने होणारा विकास म्हणजे बहुतांशी हा मागे राहिलेला गाळ होय. पाणी वाहून जाते आणि गाळ साचला तर जमीन सुपीक होते. नुसताच पूर येऊन गेला तर ताल आणि बांधसुद्धा वाहून जातात.

असा पूर दख्खनने एकदा पाहिला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला. भाव अचानक वाढले, सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागले आणि शेतकऱ्यांनीही ते घेतले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. शेतसाऱ्याची फेरआकारणी मात्र त्याच सुमारास चढ्या दराने झाली आणि कर्ज जिथल्या तिथे राहिले. त्याची परिणती १८७५ च्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांचे दस्तऐवज जाळण्यात झाली. भाव लिव्हरपूलला ठरत होता आणि व्याज सुप्याला चढत होते. त्या पाच वर्षांत पैसा आला नाही असे नाही. मुंबईत तर तो अतोनात आला. पण कापूस पिकवणाऱ्या गावांत त्यातून ना साठवणुकीची सोय उभी राहिली, ना स्वस्त कर्जाची, ना भाव पडल्यावर तग धरण्याची.

याच्या उलट उदाहरण आपल्या जिल्ह्यातच, पलूस तालुक्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सुरुवातीला सायकलींचे दुकान चालवले आणि त्या सायकली परदेशी होत्या. आलेला परदेशी माल विकणे, दुरुस्त करणे आणि उघडून पाहणे या क्रमाने ते लोखंडी नांगरापर्यंत आले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या संस्थानिकांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या काळी विलायती नांगराला जकातीचा अडसर नव्हता, कारण हिंदुस्थानचे आयात धोरण लंडनमध्ये ठरत असे. देशी पोलादाला कायद्याने संरक्षण मिळायलाही १९२४ साल उजाडावे लागले. तरीही हा कारखाना टिकला, पुढे पंपांकडे वळला आणि आज तेथील पंप परदेशी जातात. आयात ही केवळ पैसा बाहेर नेणारी वाट असते, असे मानणाऱ्यांनी त्या सायकलीच्या दुकानाचा विचार करावा. आयात ही शाळाही असू शकते. फक्त शिकणारा पाहिजे आणि शिकलेले वापरण्यास जागा पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जे देश व्यापारातून वर आले त्यांचा अनुभव हेच सांगतो. दक्षिण कोरियाची वार्षिक निर्यात १९६४ मध्ये प्रथमच दहा कोटी डॉलरला पोहोचली, आणि त्या निर्यातीत प्लायवूड, कापड आणि केसांचे टोप यांसारखा साधा माल होता. १९७७ मध्ये हाच आकडा एक हजार कोटी डॉलरवर गेला. दरम्यान तेथील सरकारने कारखानदारांना स्वस्त कर्ज दिले, आयातीपासून संरक्षणही दिले, पण ही मेहेरबानी निर्यातीचे उद्दिष्ट गाठण्याशी बांधलेली होती. आपण नेमकी तीच गाठ मारली नाही. आपल्याकडे संरक्षण होते, परवाने होते, पण बाहेरच्या गिऱ्हाइकापुढे उभे राहण्याची सक्ती नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास जगाच्या निर्यातीत भारताचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. १९९० पर्यंत तो अर्ध्या टक्क्यावर आला.

बांगलादेशाची गोष्ट याहून छोटी आहे, पण मला ती अधिक आवडते. १९७९ मध्ये ढाक्याच्या ‘देश’ या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून आपले १३० कर्मचारी शिवणकाम, तपासणी आणि विक्री शिकण्यासाठी बुसानला पाठवले. पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांपैकी ११५ जण नोकरी सोडून गेले. कंपनीच्या दृष्टीने हे नुकसानच, पण त्यांतील बऱ्याच जणांनी स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले, आणि त्यातून बांगलादेशाचा तयार कपड्यांचा धंदा वाढला. तासगावात एकाच्या बागेतला चांगला ‘मिस्त्री’ चार वर्षांनी स्वतःची बाग धरतो आणि मालक चार दिवस तोंड फिरवून बसतो, ते पाहताना मला ढाक्याची आठवण होते.

आता द्राक्षांकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

फेब्रुवारीतील एखाद्या पॅकहाऊसमध्ये सकाळी उभे राहा. केसांवर टोपी, हातात बारीक कात्री घेतलेल्या स्त्रिया घड उजेडाकडे धरून एकेक डागी, लहान किंवा तडकलेला मणी काढत असतात. मणी साधारण सोळा मिलिमीटरच्या वर हवा, गोडी ठरल्याप्रमाणे हवी, देठ हिरवा हवा. अर्ध्या किलोच्या प्लास्टिकच्या डब्या भरतात, त्या पेटीत बसतात, वर बुरशी रोखणारा गंधकाचा कागद येतो आणि माल प्रीकूलिंगच्या खोलीत जातो. पेटीवरच्या क्रमांकावरून तो घड कोणत्या गावातील कोणत्या प्लॉटचा, हे रॉटरडॅममध्ये बसलेल्या माणसाला सांगता येते. ही व्यवस्था कोणी हौसेने केलेली नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश सापडला आणि बाजार हातचा जाण्याची वेळ आली. त्यानंतर अपेडा ही शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था, पुण्यातील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, कृषी खाते आणि प्रयोगशाळा यांनी मिळून प्लॉटच्या नोंदणीपासून अहवालापर्यंतची साखळी बांधली आणि तिला ग्रेपनेट हे नाव मिळाले.

२०१० चा हंगाम मी विसरू शकत नाही. त्या वर्षी सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, या वाढरोधकाचा अंश भारतीय द्राक्षांत सापडला. वेलीची वाढ आवरून घड चांगले सुटावेत म्हणून आपले शेतकरी ते खरड छाटणीनंतर वापरत असत. यूरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. याचा अर्थ वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. एका कंटेनरमध्ये माल बारा-तेरा टनांचा असतो, तेव्हा त्यात एक ग्रॅमसुद्धा चालणार नव्हते. दुर्दैव असे की त्या हंगामात आपल्याकडील तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हते. आम्ही नियमाप्रमाणे सर्व अहवाल जोडले होते, ते खरे होते, आणि तरीही माल अडकला. मी ज्यांचे कागद केले होते, अशा मिरज पूर्व भागातील एका शेतकरी गटाचे दोन कंटेनर तिकडच्या शीतगृहात पडून राहिले. आयातदाराने हात वर केले, ज्या निर्यातदाराच्या नावावर माल गेला होता त्याने ‘परतावा आला की देतो’ असे सांगितले, आणि करारात या प्रसंगाविषयी एक ओळही नव्हती. काहींना त्या वर्षीच्या पेट्यांचे पैसे मिळालेच नाहीत. त्यांच्यापुढे बसून अहवालाची फाईल उघडताना वाटलेली लाज अजून गेलेली नाही, कारण कराराचा मसुदा माझ्या टेबलावरून गेला होता आणि ती ओळ घालावी हे मलाच सुचायला हवे होते.

या हंगामाचा हिशेब दोन प्रकारे मांडता येतो. पुढच्या वर्षी सीसीसी तपासणीच्या यादीत आले, शेतकऱ्यांनी त्याचा वापर सोडला, फवारणीची वही घरोघरी गेली आणि कोणते औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचे, हे तालुक्यातील शाळकरी पोरही सांगू लागले. हा मागे राहिलेला गाळ आहे आणि त्याचा लाभ देशातल्या गिऱ्हाइकालाही मिळतो. परंतु हे शिकण्याची फी एकट्या शेतकऱ्याने भरली. आयातदाराचे दुकान चालू राहिले, निर्यातदार पुढच्या हंगामात दुसऱ्या गावात गेला, मला माझे शुल्क आधीच मिळाले होते. व्यापाराने साखळीतील सर्वांचे ज्ञान वाढते, पण जोखीम साखळीच्या सर्वांत कमकुवत कडीकडे सरकते, आणि पुस्तकातील आलेखात ही सरक दिसत नाही. तुमच्या घरचे कर्ज का फिटत नाही, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर पाण्यात आणि खर्चात आहे. म्हैसाळ, ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांचे पाणी येण्यापूर्वी, आणि अनेक गावांत ते आल्यानंतरही, लोकांनी टँकरने बागा जगवल्या. द्राक्ष परदेशी जाते तेव्हा हे विकतचे पाणी, विजेचे बिल, प्लॅस्टिकचे आच्छादन, औषधे आणि आता बिहार-उत्तर प्रदेशातून येणाऱ्या छाटणीच्या टोळ्यांची मजुरी हे सगळे त्या अर्ध्या किलोच्या डबीत बसून जाते. यूरोपच्या दुकानातील भावाशी शेतकऱ्याच्या पट्टीची तुलना करून संतापणारे लेख मी बरेच वाचले आहेत. मधल्या शीतसाखळीचा आणि भाड्याचा खर्च ते लेखक धरत नाहीत. पण त्या पट्टीतून स्वतःचा खर्च वजा करून न पाहणारे शेतकरीही मी तितकेच पाहिले आहेत.

देशातील एकूण द्राक्षांपैकी साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी माल निर्यात होतो, हेही ध्यानात घ्या. बाकीचा माल देशात खाल्ला जातो किंवा त्याचा बेदाणा होतो. म्हणजे निर्यातीची शिस्त दहाव्या हिश्श्याने आणली आणि धंदा तोलून धरला तो बेदाण्याने. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. भाव पडलेला, नासणारा माल सहा-आठ महिने शीतगृहात थांबू शकतो, आणि हे थांबू शकणे शेतकऱ्यासाठी मोठे बळ आहे. तासगाव-सांगलीची शीतगृहे पाहिली की मला कापसाच्या त्या पाच वर्षांत काय राहून गेले ते कळते.

मात्र याच बेदाण्याच्या सौद्यात जाऊन पाहा. पेटी फोडली जाते, खरेदीदार मूठभर बेदाणा उचलतो, तळहातावर चोळतो, दाताखाली धरतो आणि उरलेला टाकून देतो. दिवसभरात खाली पडलेल्या या मालाला ‘उधळण’ म्हणतात आणि तिचा तोटा शेतकऱ्याच्या वजनात जातो. दिवाळीच्या आधी महिनाभर सौदे बंद ठेवून सर्वांची देणी मिटवण्याची ‘शून्य पेमेंट’ची पद्धत मात्र मला कौतुकास्पद वाटते. न्यायालयात न जाता कोट्यवधींचा व्यवहार वर्षातून एकदा कोरा करणारा बाजार ही सोपी निर्मिती नव्हे. जागतिक व्यापारातील पतपत्रे आणि बँकांच्या हमीपत्रांचे काम जे आहे, तेच काम इथे एका रिवाजाने होते. म्हणूनच सांगतो, व्यापार वाढवायचा तर आधी असे रिवाज आणि त्यांतली उधळण या दोन्हींकडे पाहिले पाहिजे.

बेदाण्याच्या आयातीविषयीही दोन शब्द. भारतात त्यावर जकात बरीच आहे, तरी सार्कमधील अल्पविकसित देश म्हणून अफगाणिस्तानच्या मालाला सवलत आहे. इतर देशांचा माल आडवाटेने या सवलतीत घुसतो, अशी तक्रार सांगलीत वारंवार होते. यावर नुसती जकात वाढवून उपयोग होत नाही. माल कोणत्या देशात पिकला हे दाखवणारा दाखला नीट तपासणे हा खरा उपाय आहे, आणि तो कंटाळवाणा असल्याने कोणी त्यावर भाषण करीत नाही.

हळदीचे प्रकरण निराळे आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण सांगलीचे खरे सामर्थ्य बाजाराचे आहे. कर्नाटकाचा, मराठवाड्याचा, तेलंगणाचा मालही इथे आला, कारण इथे वजन होते, उधारी होती, पॉलिश होते आणि साठवण होती. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या जमिनीत खोल पेवे खणून हळद वर्षानुवर्षे ठेवली जाई; भाव आला की पेव फोडायचे. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच गेली आणि २०१९ च्या पुराने उरल्यासुरल्यांचेही नुकसान केले. आता माल गोदामात आणि शीतगृहात असतो. मला खंत आहे ती निराळ्याच गोष्टीची. जगातील हळदीपैकी फार मोठा हिस्सा भारतात पिकतो, पण आपण अजूनही मुख्यतः हळकुंड आणि भुकटी विकतो. परदेशी खरेदीदार आज पहिला प्रश्न कुरकुमिनच्या, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाच्या, टक्क्यांचा विचारतो. हळदीपासून अर्क आणि ओलिओरेझिन (तेल आणि राळ यांचा दाट अर्क) काढण्याचे काम केरळात वाढले, सांगलीत नाही. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेतील पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले, याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. पण आजीबाईच्या बटव्यावरचा हक्क राखणे आणि त्या बटव्यातून कारखाना काढणे यांत अंतर आहे. श्रीमंत देशांच्या जकातीही या अंतराला हातभार लावतात: कच्च्या कोकोवर बहुधा जकात नसते किंवा नाममात्र असते, चॉकलेटवर मात्र अनेकदा असते.

मालाऐवजी कौशल्य बाहेर गेल्याचे एक उदाहरण तुमच्या शेजारच्या खानापूर-आटपाडीत आहे. पावसाने पाठ फिरवलेल्या या भागातील माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम शिकून देशाच्या प्रत्येक मोठ्या शहरात पोहोचली. आपण ज्यांना गलाई बांधव म्हणतो ते हेच. भारत आपले जवळजवळ सगळे सोने आयात करतो. १९९१ मध्ये परकीय चलनाचा साठा दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवले होते. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरची आयात जकात १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आली, तेव्हा विट्यातील ओळखीच्या एका गलाई व्यावसायिकाचा फोन मला अर्थसंकल्पाचे भाषण संपायच्या आत आला. विट्याच्या माळावरचे बंगले आणि शाळांच्या देणग्यांच्या पाट्या या परदेशी सोन्याच्या प्रवाहातून आल्या आहेत, जरी त्या भागात सोन्याचा कण सापडत नाही.

एवढे सगळे जुळून आले तरी धोरणाच्या लहरीपुढे इलाज चालत नाही. २०२१-२२ च्या हंगामात भारतातून सुमारे ११० लाख टन साखर निर्यात झाली, पुढच्या वर्षी सुमारे ६० लाख टनांची मर्यादा आली आणि २०२३-२४ मध्ये निर्यात थांबवण्यात आली. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आले आणि डिसेंबरमध्ये बंदीच आली, ती मे २०२४ पर्यंत टिकली. शहरी ग्राहकाला महागाईपासून वाचवण्याचा हेतू मी समजू शकतो, पण तीन वर्षे खपून मिळवलेले गिऱ्हाईक एका अधिसूचनेने पाकिस्तान किंवा इजिप्तकडे जाते आणि बंदी उठल्यावर ते आपोआप परत येत नाही. उलट बाजूही आहे: भारताच्या साखर अनुदानांविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत गेले, २०२१ च्या डिसेंबरात निकाल आपल्या विरुद्ध लागला, आपण अपील केले आणि ते ऐकणारे मंडळ सदस्यांच्या नेमणुका अडल्यामुळे २०१९ पासूनच ठप्प आहे. नियम आहेत, न्यायाधीश नाहीत, अशी सध्याची जागतिक स्थिती आहे. त्यात २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि यूरोपच्या प्रवासाला सुमारे दोन आठवडे वाढले. नासणाऱ्या मालाला दोन आठवडे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

तर सिद्धांत खोटा नाही, पण तो ‘देशाचा लाभ’ मोजतो. त्या लाभातला तुमच्या घरचा वाटा भावाची माहिती, साठवण, स्वस्त कर्ज आणि करारातील शब्द या चार गोष्टींवर ठरतो. आपल्या भागात पहिल्या दोन बऱ्यापैकी आल्या आहेत, तिसरी अर्धवट आहे आणि चौथीकडे कोणी पाहत नाही.

आता बागेविषयी. चारही एकर यूरोपसाठी नोंदवू नका. ज्या दीड-दोन एकरांत निचरा चांगला आहे आणि ज्यावर तुमच्या वडिलांचा हात बसला आहे तेवढाच प्लॉट नोंदवा, उरलेला देशी बाजार आणि बेदाण्यासाठी ठेवा. जवळच्या बेदाणा शेडवाल्याशी द्राक्षे वाळवण्याच्या रॅकची बोलणी जानेवारीतच करून घ्या, मार्चमध्ये जागा मिळत नाही. फवारणीची वही ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या दिवसापासून रोजच्या रोज लिहा, मागाहून एका बैठकीत भरू नका. तपासणाऱ्याला एकाच शाईने लिहिलेली वही लगेच ओळखू येते. आणि निर्यातदाराच्या करारात तीन वाक्ये आहेत का ते पाहा: अंशतपासणीचा खर्च कोणाचा, माल उचलल्यापासून किती दिवसांत पैसे, आणि परदेशी बंदरात माल नाकारला गेला तर तोटा कोणाच्या किती वाट्याचा. तिसरे वाक्य नसेल तर मसुदा माझ्याकडे पाठवा, सही त्यानंतर करा. यासाठी मी शुल्क घेत नाही. २०१० पासून घेतलेले नाही.